‘जनरल’ शिकवणाऱ्या वाघमारे मॅडम

जमलेल्या सगळ्या मंडळींनो, आणि पहिल्या रांगेत बसलेले वाघमारे काका,

मला बोलायला बोलावलं, पण बोलता येईल की नाही ते मला अजूनही माहीत नाही. तीन वेळा उठायचं म्हटलं आणि तीन वेळा खाली बसले, ते शेजारच्यांनी पाहिलंच. रडू येतंय म्हणून नाही. रडून झालं माझं, दवाखान्यातच झालं. मला राग येऊन राहिलाय. आणि शोकसभेत रागावून बोलायची आपल्याकडे पद्धत नाही. माझ्या आधी जे बोलले ते फार चांगलं बोलले. मॅडम विद्यार्थीप्रिय होत्या म्हणाले. शिस्तप्रिय होत्या म्हणाले. संस्थेच्या आधारस्तंभ होत्या म्हणाले. मी ऐकून घेतलं. आता माझं ऐका.

मी मंगल बिराजदार. नायगावच्या कॉलेजात शिकवते. तुमच्यातले पुष्कळजण मला ओळखत नाहीत, म्हणून सांगते. मी प्राध्यापक सुलोचना वाघमारे यांची विद्यार्थिनी. त्यांच्या विषयाची नाही. त्यांचा विषय राज्यशास्त्र, माझा मराठी. मी त्यांच्या ‘जनरल’ची विद्यार्थिनी.

जनरल म्हणजे काय, हे नव्या पोरांना ठाऊक नसेल. पदवीला आलेल्या प्रत्येकाला, तो आर्ट्सचा असो, सायन्सचा असो, कॉमर्सचा असो, एक सामान्य शिक्षणाचा पेपर सक्तीचा होता. आपला देश कसा चालतो, पाणी कुठून येतं, रोग कसा पसरतो, कायदा कुणासाठी असतो, निसर्ग, समाज, भाषा, सगळं थोडं थोडं. विद्यापीठानं त्याला भलंमोठं नाव दिलं होतं. पोरं म्हणायची ‘जनरल’. शिकवायला कुणी तयार नसायचं. ज्याला तास कमी पडले त्याच्या गळ्यात जनरल. वाघमारे मॅडमच्या गळ्यात ते असंच पडलं, आणि त्यांनी ते आयुष्यभर उतरवलं नाही. पोरं मागून म्हणायची, जनरल मॅडम आल्या, सलाम ठोका. मॅडमला ते कळायचं. एकदा वर्गात आल्या आल्या म्हणाल्या, “बसा जवानांनो.” त्या दिवसापासून चिडवणं बंद झालं.

हे मी नांदेडचं सांगते आहे. पण मी नांदेडची नाही. माझं गाव औशाच्या पुढं, तेरणेच्या काठाला. भूकंप झाला तेव्हा मी बी. ए.च्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरात माझी आई गेली, धाकटा भाऊ गेला. मी आणि वडील अंगणात झोपलो होतो म्हणून राहिलो. एवढंच सांगते. त्यावर जास्त बोलले तर इथं उभं राहता येणार नाही.

पहिल्या वर्षाची परीक्षा मी पत्र्याच्या शेडमध्ये राहून दिली. जनरलसकट सगळे पेपर पास झाले. मग नांदेडच्या मावशीनं वडिलांना निरोप धाडला. “पोरीला इकडं पाठवा. तिथं ती वेडी होईल.” वडील म्हणाले, “जा. इथं काय ऱ्हायलंय?” मी दुसऱ्या वर्षाला नांदेडला आले. आणि त्याच सुमाराला आपल्या भागासाठी नवीन विद्यापीठ झालं. सगळ्यांना आनंद झाला. मलाही झाला. आता औरंगाबादला खेटे घालायला नकोत.

माझ्यासारखी बदलून आलेली आणखी पोरं होती. कुणी किल्लारीकडची, कुणी उमरग्याकडची. आम्ही गुपचूप मागच्या बाकावर बसायचो. कुणी विचारलं, गाव कोणतं, तर लातूरकडचं म्हणायचो. तेवढंच. पुढं विचारू नये म्हणून.

आणि तिसरं वर्ष संपलं तेव्हा आम्हाला सांगण्यात आलं की तुम्हाला पदवी मिळणार नाही.

का? तर तुमचा जनरल जुना आहे. नव्या विद्यापीठाचा जनरल वेगळा आहे. नांदेडच्या पोरांचा जुना जनरल चालला, बदलून आलेल्यांचे कागद तेवढे अडवले. तुम्ही पहिल्या वर्षाचा पेपर पुन्हा द्या. पुन्हा म्हणजे पुढच्या वर्षी. माझा बी. एड.चा प्रवेश होत आला होता. वडील शेडमध्ये वाट बघत होते की पोरगी मास्तरीण होईल आणि घर उभं राहील. आणि ऑफिसातला माणूस खिडकीतून म्हणतो, “एक वर्ष थांबायला काय झालं? जनरल तर आहे, कुणीही पास होतं.”

मी जिन्यात बसून राहिले. तिथं मॅडमनी मला पाहिलं. मी त्यांच्या वर्गात कधी बसलेली नव्हते, कारण माझं जनरल पहिल्या वर्षीच झालं होतं. त्यांना माझं नावही माहीत नव्हतं.

“काय करून राहिलीस इथं?” त्या म्हणाल्या.

मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “वेगळा आहे म्हणजे नेमकं काय वेगळं आहे? विचारलंस?”

“नाही मॅडम.”

“विचारायचं असतं. ऊठ.”

मंडळी, तो ‘ऊठ’ मला आजही ऐकू येतो. भूकंपानंतर मला सगळ्यांनी बस म्हटलं होतं. बस बाई, शांत हो, देवाची मर्जी. ऊठ म्हणणारं पहिलं माणूस हे.

मॅडम आम्हा सगळ्या बदलून आलेल्या पोरांना घेऊन विष्णुपुरीच्या रस्त्याला विद्यापीठात गेल्या. एकदा नाही, पुष्कळदा. शेवटी एक समिती बसली. टेबलापलीकडं तीन माणसं. मध्ये एक अधिकारी. ते गृहस्थ आज या सभेला आले आहेत. मी त्यांचं नाव घेणार नाही. ते मान खाली घालून बसलेत, तेवढं मला दिसतंय.

मला आत बोलावलं. मॅडम माझ्या शेजारी उभ्या. साहेबांनी माझे कागद पाहिले आणि म्हणाले, “जुन्या अभ्यासक्रमात एक घटक नव्हता. तो आपण नवीन घातलाय. तो हिचा झालेला नाही. म्हणून पेपर द्यावा लागेल.”

मॅडमनी विचारलं, “कोणता घटक?”

“नैसर्गिक आपत्ती आणि पुनर्वसन.”

खोलीत पंखा फिरत होता. मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. मॅडम म्हणाल्या, “साहेब, पुन्हा एकदा म्हणा.”

त्यांनी पुन्हा म्हटलं. जरा मोठ्यानं. “नैसर्गिक आपत्ती. तो घटक या विद्यार्थिनीचा राहिलेला आहे.”

“पोरगी कुठल्या गावची आहे, ते वाचलं का कागदावर?”

“मॅडम, त्याचा इथं काही संबंध नाही. भावनेवर विद्यापीठ चालत नसतं.”

मंडळी, मला सांगा. ज्या भूकंपानं तो धडा पुस्तकात आला, त्याच भूकंपातून निघालेल्या पोरीला तुम्ही सांगता की तुझा भूकंप व्हायचा राहिलाय? आणि हे सांगताना तुमची जीभ अडखळत नाही?

मॅडम ओरडल्या नाहीत. मी ओरडले असते. त्या म्हणाल्या, “भावना राहू द्या बाजूला. मी सूट मागायला आलेली नाही. हिला तो विषय येतो की नाही, एवढं तुम्हाला बघायचंय ना? मग बघा. इथंच परीक्षा घ्या. विचारा हिला.”

“अशी परीक्षा नियमात नाही.”

“मनाई आहे का नियमात?”

साहेब कागद चाळायला लागले. शेजारचे एक वयस्कर सदस्य होते, ते म्हणाले, “विचारायला काय हरकत आहे?” मग साहेबांनी पुस्तक उघडलं आणि त्यातून वाचून मला विचारलं, “आपत्तीनंतर पहिल्या टप्प्यात मदतकार्य कसं असावं?”

मी मॅडमकडं पाहिलं. त्या एवढंच म्हणाल्या, “तुला माहीत आहे ते सांग. सावकाश सांग.”

मी सांगितलं. मी म्हटलं, पहिल्यांदा पाणी. अन्न नंतर, कारण भूक लागतच नाही. मग गावातलं एखादं माणूस लागतं, कुणाचं घर कुठं होतं ते दाखवायला. बाहेरून आलेल्यांना नुसते दगड दिसतात. माती खणताना कुणीतरी हाक मारत राहावी लागते, नाव घेऊन. आमच्याकडं ट्रक भरून कपडे आले. साड्या आल्या, स्वेटर आले. पण बायकांना संडासाला आडोसा नव्हता. तो कुणाच्या ध्यानात आला नाही. आम्ही दिवसभर पाणी पीत नव्हतो, अंधार पडायची वाट बघत होतो. तर साहेब, दुसरं म्हणजे आडोसा. तिसरं, ज्यांचं कुणी गेलंय त्यांना रांगेत उभं करून पुन्हा पुन्हा तेच विचारू नये. किती गेले, कोण गेले, पुरावा काय. एकदा विचारावं, नीट लिहून घ्यावं. आणि शेड उन्हाळ्यात तापतं. पत्र्यावर पाचट टाकलं तर तापत नाही, हे गावातल्या म्हाताऱ्यांना माहीत होतं, पण त्यांना कुणी विचारलं नाही.

मी एवढं बोलले आणि थांबले. ते वयस्कर सदस्य चष्मा काढून पुसत होते. साहेबांनी पुस्तकात बघितलं. खरंच बघितलं, पानावर बोट ठेवून. आणि म्हणाले, “यातलं बरंचसं पुस्तकात नाही.”

मॅडम म्हणाल्या, “मग पुस्तकात घाला.”

मला वाटलं सुटलं आता. साहेबही थोडे नरमले होते. “ठीक आहे, या मुलीचं आपण विशेष बाब म्हणून करू,” असं ते म्हणाले. आणि मॅडम म्हणाल्या, “एकटीचं नको. बाहेर अजून पोरं उभी आहेत. आणि पुढच्या वर्षी कुणाची बदली होईल, कुणाचं लग्न होऊन गाव बदलेल, कुणाच्या बापाचं काम सुटेल, तीही येतील. सगळ्यांचं करा. जो दुसरीकडून येईल तो काय शिकलाय ते त्याला तोंडी विचारा. येत असेल तर पुढं पाठवा. येत नसेल तर शिकवा. नुसती धड्यांची नावं जुळतात का, एवढंच बघू नका.”

मंडळी, त्या क्षणी मला मॅडमचा राग आला होता. माझं होत होतं ना! माझं होऊ द्यायचं. सगळ्यांचं करण्यात ते लांबलं. त्या वर्षीचा बी. एड.चा प्रवेश माझ्या हातून गेला. सहा-सात महिन्यांनी निर्णय झाला, सगळ्यांसाठी झाला, आणि मी पुढच्या वर्षी गेले. वडिलांना आणखी एक उन्हाळा शेडमध्ये काढावा लागला. हे मी लपवत नाही. मॅडमचं बरोबर होतं आणि मला त्याची झळ बसली, दोन्ही खरं आहे.

पण त्या सहा-सात महिन्यांत काय झालं ते ऐका. समितीतून बाहेर पडलो तेव्हा मॅडम चहा पाजायला घेऊन गेल्या. म्हणाल्या, “उद्यापासून माझ्या जनरलच्या तासाला येऊन बस.”

मी म्हटलं, “मॅडम, आता कशाला? पेपर तर सुटतोय ना.”

“पेपर सुटतोय. जनरल कुठं सुटतंय? तुला भूकंप माहीत आहे. भूकंपात दगडमातीची घरंच का पडली, ते माहीत आहे? तशी घरं बांधायला तुझ्या आज्याला कुणी सांगितलं, का सांगितलं, ते माहीत आहे? नवीन घरं कोण ठरवतंय, ते तरी माहीत आहे?”

नव्हतं माहीत. गेले मी. हजेरीत नाव नसताना गेले. आणि तेव्हा मला कळलं की हा पेपर कशासाठी असतो.

मॅडम आर्ट्सच्या पोरींना खडक आणि भेगा समजावून सांगायच्या, सायन्सच्या पोरांना ग्रामसभा. एकदा आम्हाला सगळ्यांना धरणावर घेऊन गेल्या. गोदावरीचं एवढं पाणी भरलेलं. पोरं फोटो काढायला धावली. मॅडम म्हणाल्या, “हे पाणी कुठं जातं?” कुणी म्हणालं शेताला, कुणी म्हणालं नांदेडला. “कुणाच्या शेताला? नांदेडच्या कोणत्या गल्लीला रोज आणि कोणत्या गल्लीला आठवड्यानं?” मग म्हणाल्या, “जा, विचारून या.” आणि पोरं खरंच गेली. आपापल्या गल्लीत विचारून आली. पुढच्या तासाला इतका गोंधळ झाला वर्गात! जुन्या इतवाऱ्यातली पोरं आणि नव्या वसाहतीतली पोरं हमरीतुमरीवर आली. मॅडम भिंतीला टेकून ऐकत होत्या. खूश होत्या. मला म्हणाल्या, “बघ, जनरल चालू झालं.”

हा पेपर फालतू होता का हो?

मग संस्थेनं त्यांना आपल्याच लातूरच्या कॉलेजात पाठवलं. का पाठवलं ते मला विचारू नका, ज्यांनी पाठवलं ते स्टेजवर आहेत. त्यांना विचारा. काका नांदेडला नोकरीत, मॅडम लातूरला खोली करून राहिल्या.

लातूर तेव्हा कसं झालं होतं, ते तुम्हाला सांगायला नको. चौकाचौकात पोरांचे चेहरे छापलेले बोर्ड. गल्ल्याच्या गल्ल्या क्लासच्या. सकाळी सायकलींची नदी एका क्लासातून दुसऱ्या क्लासात. मी क्लासला नावं ठेवत नाही. खेड्यातली कितीतरी पोरं त्यातून डॉक्टर झाली, मला माहीत आहे. पण ज्यांचा नंबर लागला नाही, त्यांचं काय झालं? ती बोर्डावर नव्हती. ती कुठं गेली?

ती आपल्या कॉलेजात आली. पुन्हा प्रवेश परीक्षा द्यायची, तोवर नावाला बी. एस्सी.ला प्रवेश घ्यायचा. दिवसभर क्लास, कॉलेजात यायचंच नाही. कॉलेजला पटसंख्या मिळाली, क्लासला पोरं मिळाली, सगळे खूश. वेळापत्रक भिंतीवर, वर्ग रिकामे. आणि सगळ्यात आधी कुठला तास मेला? जनरल. कारण त्याचे गुण कुठल्याच प्रवेशाला धरत नाहीत ना!

मॅडम रोज तासाला उभ्या राहायच्या. दोन पोरं, तीन पोरं. कधी एकच.

ते एक पोरगं आज मागं बसलंय. ओंकार, उभा राहू नको, बस. त्याला विचारूनच सांगते. उदगीरकडचा ओंकार. दोनदा मेडिकल हुकलं, मग इंजिनिअरिंगला दुसऱ्या विद्यापीठात गेला, तिथं जीव घाबरा व्हायला लागला, सोडून आला आणि लातूरला बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला लागला. बदलून आलेला विद्यार्थी. म्हणजे मॅडमच्या तोंडी परीक्षेला आला.

मॅडमनी विचारलं, “तुमच्या गावाला पाणी कुठून येतं?”

ओंकार म्हणाला, “मॅडम, हे सिलॅबसमध्ये आहे का?”

“आहे.”

“मला माहीत नाही.”

“गावात शेवटचा कधी राहिलास?”

त्यानं विचार केला. दहावीनंतर तो गावात राहिलाच नव्हता. मॅडम म्हणाल्या, “बरं. सध्या जेवतोस का नीट? झोप येते का?”

तो म्हणाला, “हे पण सिलॅबसमध्ये आहे?” आणि रडायला लागला. इतक्या वर्षांत मार्क सोडून दुसरं काही त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

मॅडमनी त्याला पास केलं नाही. लक्षात घ्या, पास केलं नाही! म्हणाल्या, “तुला अजून येत नाही. शिकशील. ये तासाला.” आणि तो वर्षभर येत राहिला. दिवाळीत गावाला जाऊन टाकीपर्यंत, विहिरीपर्यंत चालत गेला. ग्रामसभेत उभा राहिला आणि विचारलं की खालच्या वाड्याला नळ का नाही. सरपंच म्हणाला, तू कोण विचारणारा, तू तर लातूरला असतोस. ओंकार म्हणाला, “हाव, लातूरलाच असतो. पण मतदान इथं हाय माझं.” हे सांगायला त्यानं मॅडमला फोन केला होता. आज तो उदगीरला शाळेत विज्ञान शिकवतो. पोरांना पुस्तकाबाहेरचं विचारतो म्हणून हेडमास्तरांची बोलणी खातो. खाऊ दे.

मला चिठ्ठी आली आहे. “वेळेचे भान ठेवावे.” अध्यक्ष महाराज, ठेवते. पण थोडं राहिलंय, आणि तेच सांगायला मी उभी राहिले आहे.

एक दिवस प्राचार्यांनी मॅडमना बोलावलं. जनरलचे अंतर्गत गुण द्यायचे होते. प्राचार्य म्हणाले, “मॅडम, सगळ्यांना देऊन टाका. सगळीकडं देऊनच राहिलेत.”

मॅडम म्हणाल्या, “जे आले त्यांना देते. ज्यांचं तोंडसुद्धा पाहिलं नाही, त्यांना काय देऊ?”

“अहो, जनरल तर आहे.”

“हाव. जनरल आहे. म्हणूनच म्हणते. फिजिक्स नाही आलं तर एका माणसाचं अडेल. हे नाही आलं तर हा डॉक्टर होऊन कुणाच्या अंगाला हात लावताना काय विचार करेल?”

प्राचार्य हसले. मॅडमनी मला सांगितलं ते, मी तिथं नव्हते. म्हणाल्या, “मंगल, ते चिडले असते तर मला चाललं असतं गं. ते हसले.”

मॅडमनी न आलेल्यांना गुण दिले नाहीत. मग जे झालं ते इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. पालक आले. क्लासवाले आले. घोषणा झाल्या. मॅडम राहत होत्या त्या गल्लीत पोरं जमवली. ज्यांना मॅडमनी कधी पाहिलं नव्हतं, ती पोरं मॅडमच्या दारात ओरडत होती. एक जबाबदार माणूस, संस्थेचा माणूस, त्या वेळी मॅडमच्या जातीवरून एक वाक्य बोलला. ते वाक्य मला शब्दन्‌शब्द पाठ आहे. ते मी इथं उच्चारणार नाही. वाघमारे काका समोर बसले आहेत. पण ते वाक्य मी विसरले आहे असं कुणी समजू नये.

आणि संस्थेनं मॅडमना निलंबित केलं. आरोप ऐका. “विद्यार्थ्यांचे शैक्षणिक नुकसान करणे.”

वाघमारे मॅडमवर! शैक्षणिक नुकसान!

चौकशी नेमली. चौकशी चालली. तारीख मिळाली की मॅडम नांदेडच्या घरून लातूरला जायच्या, बाहेर बाकावर बसायच्या, आज चौकशीचे साहेब आले नाहीत असं ऐकून परत यायच्या. त्यांच्या निवृत्तीचा दिवस त्यातच येऊन गेला. निरोप समारंभ झाला नाही. नारळ नाही, शाल नाही. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. त्यांना वाटायचं ते एकाच गोष्टीचं. चौकशीचा निकाल लागला नाही. दोषी आहे म्हणून सांगितलं नाही, नाही म्हणूनही सांगितलं नाही. नुसतं लोंबकळत ठेवलं.

गेल्या महिन्यात मी दवाखान्यात भेटायला गेले. बोलताना धाप लागत होती. काका बाहेर औषध आणायला गेले तेव्हा मॅडमनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, “मंगल, पोरांना वाटत असेल का गं, की मी त्यांचं नुकसान केलं?”

मी म्हटलं, “मॅडम, काहीतरी काय बोलता?”

“न्हाई, सांग खरं. आरोप माझ्या नावावर तसाच हाय ना अजून?”

 तसाच होता. तसाच आहे. या माणसानं भूकंपातली पोरं उभी केली, क्लासमध्ये पिळून निघालेली पोरं उभी केली, आणि मरताना हे माणूस विचारत होतं की माझ्या हातून पोरांचं वाईट तर झालं नाही ना. हे तुम्ही केलंत. आजारानं नाही केलं. तुम्ही केलंत.

आणि आज तुम्ही सांगता, आधारस्तंभ! मघाशी एका वक्त्यानं सांगितलं की आता नवीन धोरण आलंय. आता पुन्हा सर्वांगीण शिक्षण येणार. आता सायन्सचा विद्यार्थीसुद्धा समाज शिकणार. आता विद्यार्थी एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाईल आणि त्याचं शिकलेलं त्याच्यासोबत जाईल. टाळ्या वाजायच्या तेवढ्या राहिल्या. अहो, हे सगळं एक बाई तुमच्याच कॉलेजात, तुमच्याच पगारावर करत होती! तुम्ही तिला घालवून दिलंत आणि आता तेच कागदावर छापून आलं म्हणून कौतुक सांगता?

मला कळलंय की आज एक ठराव येणार आहे. सभागृहाला मॅडमचं नाव द्यायचा. मी काकांना विचारलं. काका म्हणाले, “तू बोल. माझ्यानं बोलणं होत न्हाई.” म्हणून त्यांच्या वतीनं सांगते. नाव नको. भिंतीला नाव देऊन काही होत नाही. दोन गोष्टी करा. एक, ती चौकशी बंद करा, आणि आरोप खोटा होता असं संस्थेनं जाहीरपणे सांगावं. शक्य असेल तर आत्ता, या माइकवरून. दोन, जनरलचा तास खरा घ्या. नवीन नावानं घ्या, जुन्या नावानं घ्या. पण वर्गात माणूस उभं करा आणि पोरांना वर्गात आणा. जो दुसरीकडून येईल त्याला खिडकीतून हाकलू नका, आत बोलावून विचारा. बाकी सगळं राहू द्या.

मी थांबले आहे. अध्यक्ष महाराज, माइक मी बाजूला करते. बोलायचं असेल तर बोला.

नाही? बरं.

मंडळींनो, मग माझ्याकडून एवढंच. सभेच्या शेवटी आपण श्रद्धांजलीसाठी उभे राहतो. ते मी आत्ताच करावं म्हणते, कारण यानंतर मला इथं थांबता येणार नाही. ज्यांना मॅडमनी शिकवलं, ज्यांना त्यांनी आत बोलावून विचारलं, ज्यांच्यासाठी त्या कुठल्या ना कुठल्या दारात जाऊन उभ्या राहिल्या, त्या सगळ्यांनी उभं राहावं. ओंकार, आता ऊठ. काका, तुम्ही बसूनच राहा, तुमचे गुडघे दुखतात.

आणि त्या निलंबनाच्या आदेशावर ज्यांच्या सह्या आहेत, त्यांनीही कृपया बसून राहावं. मॅडम गेल्या म्हणून ही शांतता आहे. तुमची शांतता आम्ही आजवर पुष्कळ ऐकली.

वाघमारे मॅडम, जय भीम.

उभे राहू या.